जाळीच्या आतला जोडीदार

१

केळापूरच्या आजूबाजूले जेवढी भुतं होऊन गेली, त्यातली अर्धी डोमाजीच होता.

हे तो सोताच सांगे. चिंचेखालची पांढऱ्या लुगड्यातली बाई, तो डोमाजी. नाल्यात तिन्हीसांजेले रडनारं लेकरू, तोही डोमाजीच, नाक दाबून. रामरावच्या गोठ्यातले बैल आपोआप सुटत, ते सुतळीनं सुटत, अन् सुतळीचं दुसरं टोक कोनाच्या हातात राहे हे आता वेगळं सांगाची गरज नाही. शाळेचं तोंड पाह्यलं नव्हतं. तोंडात एक दात राह्यला नव्हता. पन त्या बोळक्या तोंडानं बुढा हासला की समोरचा आधी आपल्या पायाकडं पाहे, बावा, पायताना जागेवर हायेत का नाही.

नागपूरहून दीक्षा घेऊन आला त्या दिवसापासून त्यानं दोन कामं सोडली. गावची मेलेली ढोरं ओढनं सोडलं, अन् भूत होनं सोडलं. पयलं सोडलं म्हनून शेतवाले चिडले. दुसरं सोडलं म्हनून पोट्टे चिडले.

सदाशिवराव गावातला मोठा शेतवाला. कापसाची सारी काळी त्याची. भर चावडीपुढं त्यानं डोमाजीले हटकलं.

"डोम्या, देव तर नाल्यात सोडले तुमी. आता आंगावर काही आलं तर कोनाले हाक मारशीन?"

डोमाजी पुढं चालत राह्यला. डोम्या या नावाले ओ देनं बी त्यानं सोडलं होतं.

"डोमाजी," सदाशिवराव म्हने, दात चावून.

"हा, बोला न. आंगावर येनारं सारं मीच होतो, सदाशिवराव. मीच येत नाही तर दुसरं कोन येईन?"

चावडीवरचे लोकं हासले. सदाशिवराव नाही हासला. "टेकडीवरच्या बंगल्यात लागला म्हनते तू. तिथं मानूस टिकत नाही. होळीच्या आत येशीन माह्या दारात. ढोर ओढाचा दोर गोठ्यात टांगून ठेवला हाय. तुह्याच नावाचा."

डोमाजीनं तो दोर पाह्यला होता. त्याच्या बापाच्या हातानं गुळगुळीत झालेला. तो टेकडीच्या वाटंले लागला. त्या दिवशी त्यानं मनाशी गाठ मारली. बंगल्यातून मेल्याबिगर निंघायचं नाही.

२

टेकडीवरचा बंगला म्हंजे दौऱ्यावरच्या सायबायचा उतराचा बंगला. ह्या भागात हिवताप लय. म्हनून कोन्या एका सायबानं साऱ्या खिडक्यायले अन् दारायले बारीक तारेची जाळी ठोकून घेतली. मच्छर थांबला. पन बाकी सारं जाळीत येऊन बसाले लागलं. पांढरकवड्याच्या कापसाच्या जिनातली रुई उडत येऊन चिकटे. वाटंवरचा फुफाटा, सैपाकाचा धूर, मेलेले पतंगे. सायबानं आतून पाह्यलं तर आभाळ दिसत नव्हतं, गोधडी दिसे.

म्हनून जाळ्या साफ कराले मानूस. पयले कितीक आले अन् गेले. आता डोमाजी अन् त्याची बायको रुखमाबाई. नवा सायेब माघात येनार होता. जाळीतून आभाळ दिसलं तर डोमाजी पक्का, नाही दिसलं तर घरी. अन् घरी म्हंजे तो दोर.

तर राजेहो, जाळी साफ करनं म्हंजे गंज घासनं नव्हे. बालटीभर पानी मारलं अन् सोडून देलं तर तार गंजते, मंग बोट लावलं की भोक. आधी कोरडा बुरूस, वरून खाली. मंग रिठ्याच्या फेसात फडकं बुचकळून, घट्ट पिळून, हलक्या हातानं. मंग कोरडं फडकं. मंग उन्ह. शेवटी घासलेटचा नुसता वास लागन एवढा हात. कोपऱ्यात घट्ट बसलेली रुई बुरसानं हालत नाही, तिले बाभळीची काडी लागते. काडीचं टोक दातवनासारखं चावायचं, त्याचा झुबका झाला की कोपरा कोरायचा. डोमाजीले दात नव्हते अन् रुखमाबाईचे समोरचे गेलते, म्हनून ते दोघं काडी दगडानं ठेचत.

पन खरी गोष्ट अशी, का जाळी हे एकट्याचं काम नाही. इकडून बुरूस मारला की मळ तिकडं जाऊन बसते. तिकडून मारला की इकडं. अन् एकट्यानं दाबली की जाळी ढिली पडते, गाभन म्हशीवानी पोट काढते. म्हनून जोडी पाह्यजे. एक बाहीर, एक आत. बाहीरच्यानं बुरूस टेकवला की आतल्यानं नेमकं त्याच जागी फडकं धरायचं. दोघायच्या मधात फक्त तार.

दोघायच्या तोंडाले फडकं बांधलेलं राहे, नाही तर पोटात रुई जाते. मंग बोलाचं कसं? तर चौकटीवर बुरसाच्या दांड्यानं ठोका. एक ठोका म्हंजे समजलं, पुढं चाल. दोन ठोके म्हंजे माहे हात भरून आले, आता जागा बदल, तू इकडं अन् मी तिकडं. दोन ठोके पडले की हुज्जत नाही. ते रुखमाबाईनं लावून देलं होतं, काहून की डोमाजी हरेक गोष्टीत हुज्जत घाले.

अन् जाळीचा एक गुन ध्यानात ठेवा. उन्हात उभं राहून पाह्यलं तर आतलं काही दिसत नाही, नुसती काळी पाटी. आतल्याले मात्र बाहीरचं सारं दिसते.

३

नेमकं सायेब येन्याच्या तोंडावर लेकीचं बाळंतपन आलं. लेक जया कळंबले देलती. रुखमाबाई गाठोडं घेऊन मोटारीची वाट पाहत उभी होती.

"अवो, एकट्यानं जाळी करू नका."

"एकटा कायले? धनसिंग हाय न."

"धनसिंग त्या मावळतीच्या खोलीत पाय ठेवत नाही. अन् सायेब त्याच खोलीत उतरते."

"मी नेतो न त्याले. सांगतो, आत लाडू ठेवले हायेत."

"तुमच्या थट्टेपायी एखाद दिवशी खरंच काही होईन, अन् तवा कोनी ईश्वास ठेवनार नाही."

"झालं तर तू ठेवजो," डोमाजी म्हने. मोटार आली अन् ती गेली.

धनसिंग बंगल्याचा चौकीदार. तांड्यावरचा, हातभर काठी, मोठ्या मिशा. डोमाजीनं त्याले इचारलं तर तो विहिरीकडं पाहाले लागला.

"काका, मी चौकीदार बंगल्याचा. त्या खोलीचा नाही."

"काहून रे? एवढी मिशी कायले वाढवली मंग?"

"पयले जे जाळीवाले होते न, त्यायनं सांगतलं."

"काय सांगतलं?"

धनसिंगनं इचार केला. "सांगतलं नाहीच, काका. नुसते गेले."

४

मंग काय, डोमाजी एकटाच. बाकीच्या खिडक्या त्यानं कशा केल्या त्याचं त्यालेच माहीत. बाहीरून घासे, पळत पळत आत जाऊन पुसे, परत बाहीर. धनसिंग झाडाखाली बसून हासे. "काका, तुमी तर सोतासंगच लपाछपी खेळून राह्यले."

मावळतीची खोली शेवटी आली. त्या बाजूनं टेकडी उतरती, म्हनून खिडकी उंच पडे अन् शिडी लावा लागे. सकाळचं उन्ह चांगलं वर आलतं. खोलीले डोमाजीनं कुलूप लावून ठेवलं होतं, चाबी करगोट्याले. आधी बाहीरून घासू, मंग आत जाऊ, असा हिशेब. शिडीवर चढला, तोंडाले फडकं बांधलं, बुरूस टेकवला अन् दाबला.

जाळीनं पोट नाही काढलं.

त्याले आधी बरं वाटलं. ही जाळी घट्ट बसली म्हने बावा. वरून खाली बुरूस मारत गेला. रुई निंघाली. निंघाली ते निंघाली, आत नाही गेली, अन् बाहीरही नाही पडली. जशी कोन्या फडक्यानं उचलून नेली. बुरूस जिथं टेकवला तिथं पलीकडून टेका. डावीकडं सरकला, टेकाही डावीकडं. रुखमाबाईसंग इतके दिवस काम केलेला हात, त्याच्या काही ध्यानात आलं नाही. खिडकीच्या मधात आला तवा सवयीनं त्यानं चौकटीवर एक ठोका देला.

आतून एक ठोका आला.

तवा त्याचा हात थांबला.

डोमाजी मनातल्या मनात हासला. वा रे धनसिंग. मिशीवाल्या, तूही शिकला. आता ह्याले असा पकडतो का तांड्यावर तोंड दाखवनार नाही. त्यानं मान वळवली, आवाज न करता उतरावं म्हनून.

खाली विहिरीवर धनसिंग दोन्ही हातानं दोर ओढून राह्यला होता. पानी काढत होता.

जाळीतून कोवळ्या बाभळीचा कडू वास आला.

तो उतरला. खोलीचं कुलूप जसंच्या तसं. उघडलं. आत कोनी नाही. पलंगाखाली पाह्यलं, दारामागं पाह्यलं. भित्तीवर खुटीले रुखमाबाईचा बुरूस टांगलेला, तो रुईनं भरलेला. ती गेली तवा डोमाजीनंच झटकून टांगला होता. अन् खिडकीच्या फळीवर बाभळीची काडी.

त्यानं उचलून पाह्यली. दगडानं ठेचलेली नव्हती. चावलेली होती. टोकाचा झुबका ओला, अन् खाली सालीवर दाताच्या खुना, वरच्या अन् खालच्या, एकाले एक लागून, एकही फट नाही.

डोमाजीनं जीभ आपल्या हिरड्यायवरून फिरवली, इकडून तिकडं. मंग काडी ठेवून देली जिथल्या तिथं.

५

आता दुसरा कोनी असता तर पळाला असता. डोमाजी नाही पळाला, काहून की त्याले राग आला. ज्यानं जलमभर लोकायले बनवलं त्याले कोनी बनवून राह्यलं, हे त्याले सहन होईना. भूत करायची एक कारागिरी असते. सुतळी कुठीतरी बांधाच लागते. डोमाजीनं सुतळी शोधली. चौकट चाचपली, छताचे कवेलू पाह्यले, फरशी ठोकून पाह्यली. मंग चुलीतली राख आनून खोलीभर पातळ पसरली, दाराले बाहीरून रुखमाबाईचा केस चिकटवला, कुलूप लावलं अन् घरी गेला.

सकाळी केस जागेवर. कुलूप जागेवर. आत राखेवर पायाची खून नव्हती.

राखच नव्हती. सारी झाडून कोपऱ्यात ढीग केली होती, अन् ढिगावर फडा ठेवलेला, दांडी भित्तीकडं करून, जशी रुखमाबाई ठेवे.

"कामाचं हाय बावा," डोमाजी मोठ्यानं म्हने. आपला आवाज कसा निंघते ते त्याले पाहाचं होतं. आवाज थोडा पातळ निंघाला.

दुपारी सदाशिवराव बैलाचं खाचर घेऊन टेकडीवरून चालला होता. मुद्दाम थांबला.

"मंग? दिसलं काही?"

डोमाजीच्या मनात आलं. एखाद्या मानसाले सांगावं, नुसतं सांगावं. पन त्याले माहीत होतं का सांगतलं की संध्याकाळच्या आत गावात होईन: पाहा, देव सोडले, आता भोगून राह्यला. मंग एकटा डोमाजी नाही पडनार. ज्यायनं ज्यायनं घरातले देव सोडले त्या साऱ्यायच्या दारात लोकं जातीन अन् म्हनतीन, डोमाजीचं पाह्यलं न? मंग एक एक जन परत. कोनी दोर धरीन, कोनी देवापुढची दिवटी.

"दिसलं न," डोमाजी म्हने.

सदाशिवरावनं बैल आवरले. "काय?"

"जाळीतून आभाळ. तुमी बी या कधी, दाखवतो. पन पायताना बाहीर काढून याव लागते, सरकारी जागा हाय."

सदाशिवरावनं हाकाची तुतारी काठी बैलाच्या पाठीवर हानली. बैलाचा काही कसूर नव्हता.

६

सायेब दुसऱ्या दिवशी येनार. मावळतीची जाळी अर्धी राह्यलती. वरची अर्धी अशी निर्मळ का जशी नाहीच. खालची अर्धी गोधडी. मधात एक सरळ रेघ.

भर दुपारी डोमाजी शिडीवर चढला. खोली उघडीच ठेवली ह्या वेळी. तोंडाचं फडकं खाली केलं अन् काळ्या जाळीले तोंड लावून बोलला.

"ऐक. तू कोन हाय ते मले इचाराचं नाही. इचारलं की तू सांगशीन, अन् सांगतलं की मले मानाव लागन. मी मानत नाही, दीक्षेची शपथ हाय माही. पन काम चांगलं हाय तुहं. माह्या बुढीपेक्षा बरं."

जाळीतून झुळूक आली. श्वास होता का वारा, ते बाभळीच्या वासावरून समजत नव्हतं.

"मले पाहून राह्यला न तू? रोज पाहते. अन् मले तू दिसत नाही. हा काही इमानाचा खेळ नाही."

अन् मंग राजेहो, त्याच्यातली जुनी खोड उठली. जी खोड दीक्षेनं गेली नाही, अन् मेल्यावर बी जानार नव्हती. त्यानं बुरूस उलटा केला अन् चौकटीवर दोन ठोके देले.

जागा बदल. तू बाहीर, मी आत.

विहिरीवरचं चाक थांबलं. झाडावरचे राघू थांबले. मंग आतून एक ठोका आला. समजलं.

डोमाजी शिडी उतरला. वळसा घालून वरांड्यात आला. तिथं वरांडा अरुंद, एका वेळी एकच मानूस जाईन एवढा, अन् रुखमाबाई समोरून आली की डोमाजी रोज भित्तीले चिकटून तिले वाट दे. आजही तो चिकटला. अंग चोरलं, पोट आत घेतलं, खांद्याजवळून बाभळीचा वास गेला, अन् तो पुढं चालू लागला. दारात पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं का आपन कोनालेतरी वाट देली.

खोलीत कोनी नव्हतं. जाळीचं दार त्याच्या मागं आपोआप लागलं. बाहीर शिडीच्या पायऱ्या करकरल्या, एक एक, चढतानी करकरतात तशा. डोमाजीनं खिडकीकडं पाह्यलं.

जाळी काळी होती.

भर दुपार. मावळतीची खिडकी. आतून पाह्यलं तर टेकडी दिसाले पाह्यजे, पळसाची झाडं दिसाले पाह्यजे, अन् शिडीवर जो कोनी हाय तो दिसाले पाह्यजे. पन जाळी काळी, जशी उन्हातून पाह्यल्यावर दिसते. तो आत आलता, पन आत नव्हता आला. जो पाहत होता, तो अजूनही पाहतच होता.

पलीकडून बुरूस चालू झाला. वरून खाली, खालच्या अर्ध्यात, नेकीनं. खालची रुई एका जागी निंघाली, रुपयाएवढी जागा मोकळी झाली, अन् त्या जागेतून डोमाजीले दिसले ते दात. पांढरे, सारखे, एकाले एक लागून, बाभळीची काडी दाबून धरलेले. हासत होते.

तेवढंच. बुरूस फिरला अन् ती जागा बी काळी झाली.

७

"काका," खालून धनसिंगची हाक आली. "झालं का? उतरा, पानी प्या."

डोमाजीनं तोंड उघडलं. पन त्याच्या आधीच शिडीवरून उत्तर गेलं.

"झालं रे, मिशीवाल्या. आलो."

आवाज डोमाजीचा होता. घोगरा, शेवटाले वर जानारा. तोच. अन् धनसिंग हासला, डोमाजीले हासते तसाच. शिडीवरून उतरनाऱ्या पायाचा आवाज आला.

डोमाजी ओरडला. "धनसिंग, मी आत हाय." जाळीनं मच्छर अडवावा तसा त्याचा आवाज अडवला. तो दाराकडं गेला अन् दार ढकललं. जाळीचं हलकं दार, लेकरू बी ढकलते, ते भित्तीसारखं उभं. बाहीरून हासन्याचे आवाज. धनसिंग काही म्हने, तो काही म्हने. आता तो पानी पिईन. मंग संध्याकाळ झाली की घरी जाईन. रुखमाबाई परवा येनार होती. ती दार उघडीन.

डोमाजी फरशीवर बसला. 

मंग त्यानं इचार केला, जसा कारागीर कारागिराचा करते. हे जे काय हाय, ते कामात चूक करत नाही. राख बी झाडली त्यानं. मी दोन ठोके देले तर एक देऊन बाहीर आलं, हुज्जत केली नाही. जे एवढं नेकीनं काम करते ते ठोका मोडनार नाही.

तो उठला. खुटीवरचा रुखमाबाईचा बुरूस घेतला अन् खिडकीच्या चौकटीवर दोन ठोके हानले.

बाहीरचं हासनं चालूच राह्यलं.

परत दोन. ह्या वेळी असे का चौकटीचा भुसा पडला.

हासनं थांबलं.

"ऐक," डोमाजी काळ्या जाळीले म्हने, अन् आता आवाज पातळ नव्हता. "माहा बाप सारा जलम लोकायच्या दाराबाहीर उभा राह्यला. आत ये म्हनाले कोनी नव्हतं. मी बी अर्धा जलम बाहीर काढला. आता कुठी आत बाहीर माह्या मर्जीनं होऊन राह्यलं, तर तू मले कोंडशीन? नाही जमनार. बाहीर बी माहं हाय, आत बी माहं हाय. तुले कामाले घेतलं ते मी. दोन ठोके पडले. जागा सोड."

त्यानं बुरूस खाली नाही ठेवला.  मंग बाहीर, खाली कुठीतरी, काठीनं भित्तीवर मारावं तसा एक ठोका आला. रुसल्यासारखा.

दार ढकललं तर उघडलं.

डोमाजी वरांड्यात आला. समोर अरुंद वाट, उन्हानं भरलेली, रिकामी. अन् बाभळीचा वास येऊ लागला, समोरून, जवळ जवळ. डोमाजीचा खांदा सवयीनं भित्तीकडं वळला. त्यानं तो परत सरळ केला.

ह्या वेळी त्यानं अंग नाही चोरलं. छाती काढून, वाटंच्या मधोमध चालत गेला. तोंडावर अन् छातीवर काही दाटून आलं, थंड, बारीक, जशी ओली जाळी आरपार काढून राह्यले. हिरड्या ठनकल्या, जशा दात फुटतानी लेकराच्या ठनकतात. तो थांबला नाही. पलीकडं निंघाला तवा मागं जाळीचं दार हळूच लागलं.

धनसिंग झाडाखाली लोटा घेऊन उभा. डोमाजीकडं पाह्यलं अन् बुचकळ्यात पडला.

"काका, आता तर इथं होते, परत वर कवा गेले?"

"इसरलो होतो काही."

"बरं," धनसिंग म्हने. मंग मिशीतल्या मिशीत हासला. "पन मानलं काका तुमाले. कवा बसवले दात? हासले तवा मी पाहतच राह्यलो. कसे पांढरे शुभ्र."

डोमाजीनं लोटा घेतला अन् सारं पानी एका दमात पिला. मंग शिडीवर चढून जाळी पुरी केली, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. आतल्यानं बरोबर साथ देली.

८

सायबानं मावळतीच्या खिडकीतून पाह्यलं अन् म्हने, इथली जाळी कोनी काढून नेली? बोट लावलं तवा त्याले समजलं. डोमाजी पक्का झाला. होळी आली, गेली. सदाशिवरावच्या गोठ्यातला दोर उंदरानं कुरतडला असं लोकं सांगत. उंदीर होता का कोन होता, ते आपन नाही सांगत.

डोमाजीनं खरं फक्त रुखमाबाईले सांगतलं. तिनं ईश्वास ठेवला, काहून की सांगतानी तो हासला नाही. ती दुसऱ्या दिवशी बंगल्यावर गेली, मावळतीच्या खोलीत उभी राह्यली, चौकटीजवळ तोंड नेऊन म्हने, "काम करत असशीन तर राह्य. माह्या मानसाले हात लावशीन तर जाळीसकट जाळीन." अन् आपला बुरूस उचलून त्या खुटीवरून दुसऱ्या खुटीवर लावला. त्या जोडीच्या कामात दोन ठोके कायमचे बंद झाले. हात भरून आले तर भरून येऊ द्यायचे.

कधी कधी सांजच्याले, दोघं वरांड्यात चहा पीत बसले की मावळतीच्या खोलीतून दोन ठोके येत. कोनी उठत नसे. डोमाजी बशीत फुकत तिथूनच म्हने, "नाही बदलत. बस आपल्या जागेवर."

पन एक रीत पडली घरात. डोमाजी बंगल्यावरून एकटा आला की रुखमाबाई कवाड लगेच उघडत नसे. दिवा घेऊन फटीशी येई अन् म्हने, "आ करा." तो आ करे. ती दिवा वर धरून हिरड्या पाहे, इकडून तिकडं, अन् मंग कडी काढे. शेजारचे म्हनत, बुढ्याचं नवं सोंग.

असाच एक दिवस उन्ह कलताना तो आला. दारात उभा राह्यला.

"आ करा."

डोमाजीनं तोंड नाही उघडलं. होट मिटलेले, अन् डोळे हासत होते.

"चेष्टा नको," रुखमाबाई म्हने.

तो तसाच. गालावरच्या सुरकुत्या हासन्यानं ताठ झालत्या.

रुखमाबाईनं दिवा खाली ठेवला नाही. दुसऱ्या हातानं तिनं कवाडामागचं मुसळ उचललं. 

"मी इथंच उभी हाव," ती फटीतून म्हने. "सारी रात उभी राहीन. दात नसले तर भाकर गरम हाय. असले तर ह्या मुसळानं एक एक मोजून काढीन, अन् भाकर बंगल्यावर माह्याच मानसाले नेऊन देईन. उघडा आता."

डोमाजी अजून तोंड मिटूनच हासत होता.